परत आल्यावर शहाडला

विमानतळावर पाहुण्यांना आणायला मी एकटीच गेले. ह्यांना म्हटलं, तुम्ही घरी थांबा, पाहुण्यांच्या खोलीतल्या खिडकीला डासांची जाळी लावून ठेवा, एवढ्या लांब गाडीत बसून तुमची कंबर धरेल. ह्यांनी कुरकुर केली, पण ऐकलं. त्या दिवसांत हे माझं सगळंच ऐकायचे आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची. खरं कारण हे होतं की मला ते डच नवराबायको ह्यांच्या आधी गाठायचे होते.

जानेवारीत ह्यांना कावीळ झाली. कावीळ उतरवायला म्हणून ठाण्याच्या एका हॉस्पिटलात नेलं, आठवडाभर तपासण्या झाल्या, आणि एका दुपारी डॉक्टरांनी ह्यांना बाहेर बाकावर बसवून मला आत बोलावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. कापाकापी करून उपयोग नाही, औषधांनी हाल वाढतील, फार तर चार-पाच महिने. मग त्यांनीच विचारलं, "पेशंटला काय सांगायचं?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "सूज आहे म्हणून सांगा." डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांना हे रोजचंच असणार. माझ्या सासऱ्यांच्या वेळी सासूबाईंनी हेच केलं होतं, माझ्या वडिलांच्या वेळी आईने. आमच्याकडे असंच करतात. पुण्याला असणाऱ्या मुलाला फोनवर सांगितलं, तोही रडून झाल्यावर म्हणाला, "बाबांना नको सांगूस, आई." फाइल मी माझ्या कपाटात पैठणीच्या खाली ठेवली. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझं कपाट कधी उघडलं नव्हतं.

मी गणिताची शिक्षिका. डोंबिवलीच्या शाळेत तीस वर्षं मुलांच्या वह्यांतले खोटे आकडे पकडले. उत्तर आधी पाहून मग उलटं गणित रचणारी मुलं मला एका नजरेत कळायची. आणि आता मी स्वतःच उलटं गणित रचायला बसले होते.

आता त्या डच माणसाबद्दल. वीसेक वर्षांपूर्वी ह्यांच्या ठाण्याच्या कारखान्यात नवं यंत्र बसवायला तो आला होता. तिसऱ्याच दिवशी त्याचं पोट बिघडलं. हॉटेलात एकटा पडून होता, तर हे त्याला उचलून थेट घरी घेऊन आले. चार दिवस मी त्याला मऊ भात आणि ताक दिलं. बरा झाल्यावर पहिल्यांदा नीट जेवायला बसला आणि आमटीचा घास घेऊन म्हणाला, "ही मला आवडली नाही. फार तिखट आहे." आमच्याकडे पाहुणा मरेल, पण असं बोलणार नाही. हे मात्र पोट धरधरून हसले. तेव्हापासून दोघांची गट्टी जमली ती जमलीच. ह्यांनी निवृत्तीच्या समारंभाचं भाषण इंग्रजीत लिहून त्याला पाठवलं, तर त्याचं उत्तर आलं, "फार लांब आहे. शेवटची दोन पानं कंटाळवाणी आहेत." ह्यांनी ती दोन पानं काढून टाकली. मी त्याआधी "छान झालंय" म्हणाले होते. हे मला म्हणायचे, "तुम्ही सगळे माझं मन राखता. हा एकटा खरं सांगतो."

त्या नवराबायकोची एक बोट आहे. मोठी काही नाही, दोन माणसांना झोपायला आणि चहा करायला जागा असलेली. एप्रिलमध्ये ती पाण्यात उतरली की सप्टेंबरपर्यंत ते घरी राहतच नाहीत, कालव्याकालव्यांतून हिंडत असतात. दर वर्षी आम्हाला बोलवायचे आणि दर वर्षी आमचं काहीतरी निघायचं. मुलाचं शिक्षण, सासूबाईंचं आजारपण, मग कोरोना. ह्या वर्षी मात्र ठरलं होतं. मेच्या शेवटाला निघायचं. ह्यांनी व्हिसासाठी फोटो काढून ठेवले होते, ठाण्याच्या मॉलमधून निळा वाऱ्यापावसाचा कोट आणला होता. तो दाराच्या मागे टांगलेला असायचा आणि येताजाता मला दिसायचा.

मी जानेवारीत त्या दोघांना कळवलं की काय झालंय आणि येणं जमणार नाही. उत्तर दोन ओळींचं आलं. तो येऊ शकत नसेल तर आम्ही येतो, बोट निघण्याआधी. ह्यांना मी सांगितलं, तिकडच्या थंडीला कंटाळलेत, बोटीचा हंगाम सुरू होण्याआधी चार दिवस इकडे फिरायचं म्हणतात.

विमानतळावरून परतताना गाडी माजिवड्याला अडकली. उड्डाणपुलाखाली चहूबाजूंनी ट्रक, आमचा ड्रायव्हर इंजिन बंद करून बसलेला. तिथे मी त्यांना सांगितलं की ह्यांना काही माहीत नाही.

त्याची बायको माझ्याकडे बघतच राहिली. "मग आम्ही निरोप कसा घ्यायचा?"

"निरोप नाही घ्यायचा. फिरायचं, खायचं, परत जायचं."

"पण आयुष्य त्याचं आहे," ती म्हणाली. "त्याला कुणाला भेटायचं असेल, काही करायचं असेल."

मी भडकले. तुम्ही लोक बातमी देऊन मोकळे होता आणि माणूस एकटा तिच्यासोबत राहतो, आमच्याकडे घरातले ती बातमी स्वतःच्या पोटात ठेवतात, असं काहीतरी मी बोलले. इंग्रजीत बोलताना मला राग आला की माझे शब्द फार नीटनेटके येतात आणि म्हणून जास्त लागतात. तो मघापासून काचेबाहेर बघत होता.

"त्याने मला विचारलं तर?" तो म्हणाला.

"नाही विचारणार. आमच्यात विचारत नाहीत."

"पण विचारलं तर?"

तेव्हा मी ते केलं. त्याला म्हणाले, शपथ घे. ह्यांची शपथ. त्याला समजेना, तर मी समजावून सांगितलं की आमच्याकडे ज्याच्यावर जीव असतो त्याची शपथ घालतात, आणि शपथ मोडली तर घेणाऱ्याला काही होत नाही, ज्याची घेतली तो मरतो. शपथ घालणारा 'सुटली' म्हणेपर्यंत ती अंगावर असते. लहान मुलंसुद्धा ही शपथ खोटी घेत नाहीत. त्याची बायको म्हणाली, "हे भयंकर आहे." मी म्हणाले, हो, आहे. तो यंत्रांचा माणूस, देव न मानणारा. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नीट कशी दिसत असणार? पंधरा दिवस झोप नव्हती. त्याने हळूच शपथ घेतली, मी सांगितले तसे शब्द उच्चारून. पुढचा ट्रक हलला.

पुढचे चार दिवस आम्ही प्रेक्षणीय स्थळं पाहिली. हे शब्द लिहितानाही मला कसंसं होतं. पहिल्या दिवशी अंबरनाथचं शिवमंदिर. बाहेरच्या काळ्या दगडावरची शिल्पं हे त्यांना एकेक करून दाखवत होते, शेजारच्या नदीचा वास येत होता आणि ती दोघं नाकाला रुमाल न लावता उभी होती. गाभाऱ्यात उतरायच्या पायऱ्या ह्यांना झेपल्या नाहीत. हे म्हणाले, "सूज उतरली की पुन्हा येऊ." त्याची बायको वळून खांबाकडे बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला तलावपाळी. हे पॅडल मारायच्या बोटीत बसायचं म्हणून हटूनच बसले. "सराव नको का?" बदकाच्या आकाराची बोट, त्यात साठीचे दोन बाप्ये गुडघे छातीशी घेऊन. काठावरची कॉलेजची पोरं हसत होती. पॅडल एकटा तोच मारत होता. ह्यांचे पाय नुसते फिरत होते, मला काठावरून दिसत होतं.

त्याने बोटीवरचा दोरखंडाचा एक तुकडा भेट म्हणून आणला होता. घरी आलं की दोघं बाल्कनीत बसायचे आणि हे गाठी शिकायचे. खुंट्याला बांधायची गाठ, दोन दोर जोडायची गाठ, ओढली की सुटणारी गाठ. बाल्कनीच्या गजांना नुसत्या गाठी. हे चुकले की तो सांगायचा, "चूक. पुन्हा." मनात यायचं, अरे, असू दे ना चूक. पण त्या दिवसांत ह्यांच्याशी खऱ्या आवाजात बोलणारा घरात तेवढा एकच माणूस होता, हे मला आज कळतं. आम्ही बाकीचे सगळे हळू, गोड, आजाऱ्याशी बोलतात तसं बोलत होतो.

इथे मला माझ्या थोरल्या दिरांबद्दल सांगायला हवं. ते शहाडला राहतात. आमच्या घरापासून रिक्षाने गेलं तरी तासाच्या आत. दोघं सख्खे भाऊ, आणि पाच वर्षं बोलणं नव्हतं. कारण माझ्यामुळे घडलेलं. मुलाचं लग्न लॉकडाऊनमध्ये झालं, पन्नास माणसांची परवानगी. सगळ्यांना पत्रिका व्हॉट्सॅपवर गेल्या. हे म्हणाले होते, "दादाकडे मी जाऊन येतो, अक्षता देऊन." मी म्हणाले, कशाला रस्त्यात पोलिसांची झंझट, घरचेच तर आहेत. आणि पत्रिका फोनवर पाठवून दिली. दादा लग्नाला आले नाहीत. दुसऱ्या कुणाकडून निरोप आला, "सख्ख्या थोरल्या भावाला फोनवर आमंत्रण? त्याला दारात यायला पाय नव्हते का?" मग ह्यांनाही राग आला. लॉकडाऊन उठलं, पण तो राग काही उठला नाही.

जानेवारीत हॉस्पिटलातून घरी आल्यापासून हे अधूनमधून म्हणायला लागले होते, "दादाला फोन करायला हवा." जेवताना, बातम्या बघताना, मध्येच. मी म्हणायचे, "करा की." मग हे टीव्हीचा आवाज वाढवायचे. मीही पुढे रेटलं नाही. खरं लिहायचं तर मला तो फोन नकोच होता. पाच वर्षांनी दादा अचानक दारात उभे राहिले असते, भावाची अवस्था बघून रडले असते, आणि ह्यांना सगळं कळलं असतं. दादांना मी कळवलंही नव्हतं. त्यांच्या पोटात काही राहत नाही.

चौथ्या दिवशी कल्याणला दुर्गाडी. किल्ल्यावर चढायचं नव्हतंच, खाली खाडीच्या घाटावर गेलो. तिथे एक होडीवाला होता, ह्यांनी त्याच्याशी बोलून पुलापर्यंत जाऊन यायचं ठरवलं. होडी लहान आणि ओली. आम्ही दोघी बायका पायऱ्यांवरच बसलो. दुपार उतरायला लागली होती, ओहोटीमुळे काठाला चिखल उघडा पडला होता, त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि गेल्या वर्षी विसर्जन केलेल्या कुठल्या तरी गणपतीचे हात.

होडी मध्यावर जाऊन थांबली. ह्यांनी होडीवाल्याला थांबवलं असणार. हे मित्राकडे तोंड करून काहीतरी बोलत होते. मग ह्यांनी हात लांब करून वरच्या अंगाला दाखवलं, जिकडून नदी येते तिकडे. मला वाटलं, पुलांची माहिती सांगतायत, इंजिनीयरना पुलांचं वेड असतं. तो उत्तर देईना. बराच वेळ पाण्याकडे बघत बसला. मग एकच काहीतरी बोलला, लहानसं. आणि हे हसले. पाण्यावरून मला त्यांचं हसणं ऐकू आलं, भाषणातली दोन पानं कंटाळवाणी आहेत हे वाचून हसले होते तसंच. ह्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडे बघून हात हलवला. मीही हलवला.

"काय बोलले असतील?" शेजारी बसलेली ती म्हणाली.

"गाठींबद्दल," मी म्हणाले.

काठावर आल्यावर ह्यांना भूक लागली होती. महिन्याभरात पहिल्यांदा. घाटाबाहेरच्या गाडीवर अर्धा वडापाव खाल्ला, मी अडवलं नाही. तो मात्र काही खाईना, पोट बरं नाही म्हणाला. रिक्षात बसल्यावर हे मला म्हणाले, "अगं, दादाचं मी ठरवलंय. आता फोनबिन नको. फोनवरूनच तर बिनसलं ना सगळं. परत आल्यावर सरळ शहाडला जायचं, तिकडचं चीज घेऊन. दारात उभा राहतो त्याच्या. मग बघू कसा हाकलतो."

मला हायसं वाटलं. हे मी लपवत नाही. मला वाटलं, चला, मैत्रीने माणूस सुधारला, चार दिवसांत चेहरा उजळला, आता शेवटचे दिवस तरी आनंदात जातील. दादांचा विषय परस्पर मिटला. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी झोपले.

ते दोघं गेले. जाताना ती ह्यांना मिठी मारून रडली, तर हे म्हणाले, "अरे, मेमध्ये भेटतोच आहोत." तो हात मिळवून न बोलता गाडीत बसला. मला त्याचा राग आला, एवढं काय घुमं व्हायचं ते.

मार्चमध्ये उन्हं वाढली तसे हे उतरत गेले. तरी कुणाला काही सांगितलं नाही, काही मागितलं नाही. मुलगा दोनदा येऊन राहून गेला तेव्हा त्याच्याशी बोटीबद्दलच बोलले. एकदाही दादाचं नाव काढलं नाही. दादाचं तर ठरलेलं होतं ना, परत आल्यावर. एप्रिलमध्ये तिकडून बोट पाण्यात उतरल्याचा फोटो आला, तो मी ह्यांना दाखवला. ह्यांनी फोटो बोटांनी मोठा करून दोर पाहिला आणि म्हणाले, "गाठ बरोबर आहे." मेच्या दुसऱ्या आठवड्यात शुद्ध गेली आणि तिसऱ्या दिवशी हे गेले.

दादांना मी तेव्हा फोन केला. स्मशानात ते सगळ्यांत मागे उभे होते, पायात घरातल्याच चपला. नंतर माझ्याजवळ आले. "आधी का नाही गं कळवलंस?"

"एकदम झालं, दादा."

"माझं नाव काढलं का त्याने?"

"शुद्ध नव्हती हो," मी म्हणाले. दोन्ही उत्तरं द्यायला मला जराही वेळ लागला नाही. इतकी सवय झाली होती.

जूनमध्ये त्याचं ईमेल आलं, बोटीवरून. ते मी इतक्यांदा वाचलंय की पाठ आहे. त्याने लिहिलं होतं की होडीत ह्यांनी त्याला प्रश्न विचारला होता. आजाराबद्दल नाही. ह्यांनी नदीच्या वरच्या अंगाला हात करून सांगितलं, तिकडे माझा भाऊ राहतो, आमचं बोलणं नाही. आणि विचारलं, "घरात सगळे माझ्याशी गोड बोलतात. तू खोटं बोलत नाहीस, म्हणून तुला विचारतो. भावाकडे आत्ता जाऊ, की तुझ्याकडून परत आल्यावर गेलं तरी चालेल?"

त्याने पुढे लिहिलं होतं, "मी शपथेवर विश्वास ठेवत नाही. पण पाण्याच्या मध्यभागी, तो माझ्यासमोर बसलेला असताना, मला ती मोडून बघायची हिंमत झाली नाही. मी म्हणालो, परत आल्यावर चालेल. मी आयुष्यात इतकं मोठं खोटं बोललो नव्हतो. तू म्हणाली होतीस, शपथ घालणारा सुटली म्हणेपर्यंत ती अंगावर असते. तो आता नाही. ती सुटली का?"

मी उत्तरात एकच शब्द लिहिला, मराठीत. त्याने तो कुणाकडून वाचून घेतला ते माहीत नाही.

ह्यांनी जगातल्या एकाच माणसाला विचारलं. आणि मी त्या माणसाला आधीच माजिवड्याच्या पुलाखाली गाठलं होतं. दुसऱ्या कुणी 'परत आल्यावर' म्हटलं असतं, तर ह्यांना शंका आली असती. त्याने म्हटलं म्हणून ह्यांनी ते सोन्यासारखं घेतलं, आणि अर्धा वडापाव खाल्ला.

दोन महिने मी ते ईमेल कुणाला दाखवलं नाही. मग एका सकाळी बसून ते मराठीत उतरवलं, वहीच्या पानावर, माझ्या फळ्यावरच्या अक्षरात. फोनवर पाठवायचं नव्हतं. रिक्षा करून शहाडला गेले. दादांनीच दार उघडलं. मी दारातच तो कागद त्यांच्या हातात दिला, जसा पाच वर्षांपूर्वी द्यायला हवा होता, आणि सगळं सांगितलं. फाइल, सूज, शपथ.

ते उभ्यानेच वाचत होते. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. 'तिकडे माझा भाऊ राहतो' ह्या ओळीवर त्यांचं बोट बराच वेळ होतं. मग त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"त्या परक्या माणसाला शपथ घातलेली," ते म्हणाले. "तुला कुणी घातली होती?"

ते आत वळले आणि वहिनींना म्हणाले, ही आल्ये, चहा टाक.